झाडाची बदली

बदलीच्या हुकुमात माणसाचे नाव असते, हुद्दा असतो, रुजू होण्याची तारीख असते. त्याने लावलेल्या झाडांचा उल्लेख त्यात नसतो. सामान मोजून बांधता येते, मुलांचे शाळेचे दाखले काढता येतात, दूधवाल्याचा हिशेब चुकता करता येतो. परंतु आपल्या हातचे पाणी पिऊन तीन उन्हाळे काढलेल्या झाडाचे काय करावे, याचे उत्तर कोणत्याही नियमपुस्तकात सापडत नाही. प्रांताबाहेर नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रश्न कधी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. तो वरवर पाहता क्षुल्लक आहे, हेही खरे. पण ज्या गावी आपण राहणार नाही तेथे काय लावावे, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या भरवशावर लावावे, या प्रश्नात बागेचा भाग थोडा आणि नीतीचा पुष्कळ आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

सरकारी बंगल्यांतून राहणाऱ्या माणसांत या बाबतीत दोन तऱ्हा दिसतात. ‘आपण काय, तीन वर्षांचे पाहुणे!’ असे म्हणून परसात साधा कढीलिंबही न लावणारी एक. हिचा दोष उघड आहे. तो पुढच्या बिऱ्हाडाच्या गृहिणीला पहिल्याच दिवशी फोडणीच्या वेळी कळतो. दुसरी तऱ्हा मागच्या मुक्कामाचे गाव पुढच्या मुक्कामी उगवू पाहणाऱ्यांची. कोणी मराठवाड्याच्या उन्हात सुरंगी जगवू पाहतो, कोणी नागपुरास सफरचंद लावतो. या दुसऱ्या तऱ्हेचा दोष गुणासारखा दिसतो, म्हणून त्याची चिकित्सा अधिक अगत्याची.

या दृष्टीने मला जे एक झाड विचार करण्यासारखे वाटते ते जपानी क्विन्सचे. ज्यांनी सिमल्यास, मसुरीस किंवा दार्जिलिंगला काही काळ काढला असेल त्यांनी ते पाहिले असेल. कमरेएवढे, फार तर डोक्याएवढे काटेरी झुडूप. एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहणार नाही. पण थंडी सरत आली की पाने फुटण्यापूर्वीच त्याच्या काळ्या, वाकड्यातिकड्या फांद्यांना थेट लाल, केशरी, गुलाबी किंवा पांढरी पाच पाकळ्यांची फुले चिकटून बसतात. भोवती अजून सारे उघडेबोडके असते आणि हे एकटेच फुललेले असते. पुढे त्यास लहान, कठीण, पिवळी फळे धरतात; ती कच्ची खाववत नाहीत इतकी आंबट व तुरट, पण खोलीत ठेवली तर खोली सुगंधाने भरते, आणि शिजवली तर त्यांची उत्तम जेली होते.

थंड मुलखात हे झाड वाढविण्यास फारसे कौशल्य लागत नाही. फार चुनखडीची नसलेली जमीन, दिवसाचे चार-सहा तास ऊन, पाठीशी एखादी भिंत असल्यास अधिक चांगले. फळे हवी असतील तर दोन निरनिराळी झाडे जवळ असावीत. छाटणी मात्र फुलोरा संपताच करावी लागते. कारण पुढच्या वर्षीची फुले याच उन्हाळ्यात, जुन्या लाकडावर, कळीरूपाने तयार होऊन बसतात. हिवाळ्यात कात्री चालविणारा माळी आपल्या हाताने वसंत कापून टाकतो. या कळ्या मग झोपी जातात, आणि ती झोप उबेने मोडत नाही. शेकडो तासांची कडक थंडी भोगल्यावाचून ती मोडतच नाही. उणे वीस अंशांच्या खाली गेलेले तापमानही हे झाड सोसते. आपण ज्याला सोसणे म्हणतो, ती त्याची गरज आहे.

त्याच्या नावाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. कार्ल पीटर थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये जपानातील झुडपाला नासपतीच्या वंशात घालून ‘पायरस जॅपोनिका’ असे नाव दिले. पुढे १७९६ मध्ये सर जोसेफ बँक्स यांच्यामुळे लंडनजवळील क्यू येथील उद्यानात जे झुडूप येऊन पोहोचले ते वस्तुतः चीनमधले, निराळ्याच जातीचे होते. पण ते जपानचेच अशा समजुतीने सारे इंग्लंड त्याला ‘जॅपोनिका’ म्हणू लागले. खरे जपानी झुडूप तेथे ब्रिस्टलच्या मोल यांच्या रोपवाटिकेमार्फत १८६९ च्या सुमारास आले. तोवर चिनी झाड सत्तर वर्षे जपानी नावाने सुखाने नांदत होते, आणि आजही पुष्कळ बागांतून नांदते. नाव एका मुलखाचे आणि मूळ दुसऱ्या मुलखाचे, ही अवस्था आपल्यापैकी कितीकांच्या मुलांची झालेली आहे!

या क्विन्सचा थोरला आप्त म्हणजे खरा क्विन्स. फारसीत त्याला ‘बिह’ म्हणतात, आणि काश्मीरपासून पश्चिमेकडे तो पिकतो. आपल्याकडे त्याची फक्त बी येते. काष्ठौषधींच्या दुकानात ‘बिहीदाणा’ म्हणून मिळते आणि भिजवली की तिचा बुळबुळीत लगदा खोकल्यावर देतात. आता गंमत अशी की, जबलपुरास कोणत्याही बाजारात जाऊन ‘बिही’ मागितली तर कुंजडा तुमच्या पिशवीत पेरू घालील. महाकोशलात पेरूला बिहीच म्हणतात. पेरू हे मूळचे अमेरिका खंडातले फळ, पोर्तुगीजांबरोबर या देशात आलेले. उत्तरेत त्याला ‘अमरूद’ म्हणतात, आणि ‘अमरूद’ हा फारसीत नासपतीसाठी असलेला शब्द आहे. आपला ‘पेरू’ शब्दही पोर्तुगीज भाषेतील नासपतीच्या नावावरून आला असे व्युत्पत्तिकार सांगतात. म्हणजे एका परक्या फळाला नाव देण्याची वेळ आली तेव्हा कोणाला आपल्या मुलखातली नासपती आठवली, कोणाला क्विन्स आठवला. त्या माणसांनी समरकंदाची किंवा लिस्बनची झाडे येथल्या काळ्या मातीत जबरदस्तीने कोंबली नाहीत. जे येथे आनंदाने फळत होते त्यालाच घरचे नाव दिले. घराची आठवण वागविण्याची याहून सोज्वळ रीत मला तरी ठाऊक नाही. यात कोणा झाडाला कष्ट नाहीत आणि कोणा माळ्याला हेलपाटे नाहीत.

बाबराची गोष्ट याच्या अगदी उलट टोकाची म्हणता येत नाही, पण निराळी आहे. खरबूज कापताना आपल्याला रडू कोसळले, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. आग्र्याच्या बागेत त्याने द्राक्षे व खरबुजे लावविली, त्यासाठी बल्खचा माळी कामाला लावला, आणि ती पिकलेली पाहून त्याला समाधान झाले. पण तो बादशहा होता. त्याच्या आठवणीला पाणी घालावयास शेकडो हात होते आणि त्या हातांना ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती. तुमच्याआमच्या बंगल्यावरच्या माळ्याला ती सोय कितपत असते, हे ज्याचे त्याने आपल्याशी विचारून पाहावे.

परक्या मुलखातले झाड आणूच नये, असा माझा पक्ष नाही. जबलपुरातच याचे चांगले उदाहरण आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेला विल्यम स्लीमन या भागात अधिकारी असताना १८२७ च्या सुमारास त्याने मॉरिशसहून ताहिती बेटाकडील जातीचा ऊस आणवून येथे लावला. तो ऊस शेतकऱ्याच्या हाती गेला, कारण त्याला येथली हवा मानवली आणि शेतकऱ्याला त्याचे मोल कळले. त्याला जगण्यासाठी साहेबाची गरज उरली नाही. स्लीमन पुढे लखनौला रेसिडेंट म्हणून गेला. बदलून जाणाऱ्या माणसाने काय आणावे याचा हा एक नमुना आहे. गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल ब्राझीलची. त्यांना आज परके कोण म्हणेल? आणि भोसल्यांच्या अमदानीत, म्हणजे १८१८ पूर्वी, नर्मदेकाठी येऊन राहिलेली मराठी घराणी तरी आता कोठे परकी आहेत? १९५६ मध्ये प्रांतांच्या रेषा बदलल्या, नागपूर एकीकडे गेले आणि जबलपूर दुसरीकडे राहिले, तेव्हा त्यांच्या अंगणातल्या तुळशीवृंदावनांनी आपली जागा सोडली नाही.

आता सराफ्यातली हकीकत सांगतो. जबलपूरचा सराफा म्हणजे कमानिया दरवाजा आणि फुहारा यांच्या आसपासची जुनी, दाट वस्ती. खाली पेढ्या, वर बिऱ्हाडे, आणि सर्वांत वर गच्च्या. बाग म्हणावी अशी तेथे हातभर जमीन नाही. एका केंद्रीय खात्यातील आमचे एक परिचित अधिकारी सिमल्याहून येथे बदलून आले, ते एका जानेवारीच्या अखेरीस. सरकारी निवासस्थान मिळेना, म्हणून त्यांनी सराफ्यात एका पेढीवरचा मजला भाड्याने घेतला. सामानाबरोबर एक कुंडी होती. सिमल्याच्या बंगल्यातील जपानी क्विन्सच्या बुडख्याजवळ फुटलेला, स्वतःचे मूळ धरलेला एक फुटवा त्यांनी तीत लावून आणला होता. झाड झोपेत असताना हलविले, म्हणजे शास्त्राप्रमाणे त्यांचे काही चुकले नव्हते.

फेब्रुवारीत त्या कुंडीत दहा-बारा लाल फुले आली. गृहस्थांनी आम्हा मराठी मंडळींना गच्चीवर चहाला बोलाविले. सभोवार सोन्यारूप्याच्या पेढ्यांची छपरे, खाली टांगे जाऊन आता रिक्षांची गर्दी, आणि मधोमध हे झुडूप. दृश्य खरोखरच देखणे होते. जबलपूरची हवा झाडाला मानवली असे त्यांनी जाहीर केले. पण त्या कळ्या मागल्या उन्हाळ्यात सिमल्याला धरलेल्या होत्या आणि त्यांनी थंडीही सिमल्याचीच भोगली होती. जबलपुरास त्या केवळ उमलल्या. नव्या गावी पहिल्या वर्षी माणसाचा जो उत्साह दिसतो तोही पुष्कळदा असाच मागल्या गावी साठविलेला असतो. हिशेब दुसऱ्या वर्षी कळतो.

दुसऱ्या वर्षाचा हिशेब असा झाला. मे महिन्यात पारा ४२ अंशांजवळ गेला, पानांच्या कडा जळाल्या. गोणपाटाचा आडोसा झाला, दोन वेळा पाणी झाले. डिसेंबर लागला तसे गृहस्थ रोज सायंकाळी बर्फाचा तुकडा विकत आणून, फोडून, कुंडीत पसरू लागले. येथे जानेवारीतल्या रात्री सरासरी ९-१० अंशांच्या असतात. क्वचित पारा पाचाखाली जातो, पण टिकत नाही. शिवाय थंडी लागते ती फांदीवरच्या कळीला. मुळाशी बर्फ ठेवून कळी जागी होत नाही. त्या फेब्रुवारीत एकही फूल आले नाही. जूनमध्ये गृहस्थांची बदली दक्षिणेत, समुद्रकाठच्या गावी झाली. तेथे कुंडी नेण्यात अर्थ नव्हता. घरमालकांच्या वृद्ध मातोश्रींना, ज्यांना सारी गल्ली अम्मा म्हणते, त्यांनी ती कुंडी सोपविली आणि सांगितले, “ज़रा सँभालकर रखिए, मैं मँगवा लूँगा। जापानी बिही है।”

अम्मांच्या लेखी बिही म्हणजे पेरू.

चार वर्षांनी एक तुटलेली साखळी जोडून घ्यावयास मी त्या पेढीवर गेलो. मी मराठी आहे असे कळताच मालकांनी मला वर नेले. सराफ्याची अशी समजूत आहे की महाराष्ट्रीय माणसे सर्व एकमेकांस ओळखतात आणि आठवड्यास पत्रे लिहितात. अम्मांनी कुंडी दाखविली. हातभर उंचीच्या काट्याच्या काटक्या, त्यांना पाच-सहा पाने. चार वर्षे त्यांनी रोज सकाळी स्वतः जिना चढून तिला पाणी घातले होते, एप्रिल लागताच नोकराकरवी ती टाकीच्या उत्तरेकडील सावलीत हलविली होती, आणि तीर्थयात्रेला गेल्या तेव्हा सुनेला बजावून गेल्या होत्या. ही पेरूची कोणती जात, हिला काटे का, आणि साहेब कधी येणार, असे तीन प्रश्न त्यांनी मला विचारले.

सत्य सांगावे की नाही, असा पेच येथे उभा राहतो. ते न सांगणे दयाळूपणाचे होईल असे क्षणभर वाटणे शक्य आहे. पण दुसऱ्याच्या कष्टांवर उभी असलेली दया फार काळ दया राहत नाही. मी सांगितले की हे पेरूचे झाड नव्हे, थंड मुलखातले आहे, आणि येथे यास ना फूल येईल ना फळ. अम्मा रागावल्या नाहीत, खिन्नही झाल्या नाहीत. “फल के लिए थोड़े ही रखा है, भैया। अमानत है,” एवढेच त्या म्हणाल्या.

ठेव हा शब्द सराफ्यात हलक्या आवाजात उच्चारतात. दुसऱ्याचे सोने गल्ल्यात ठेवून ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना तो धर्मच वाटतो, आणि यात नवल नाही. मनुस्मृतीने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेप येतो. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातही ठेवीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. मोबदल्याशिवाय ठेव सांभाळणाऱ्यास झालेला आवश्यक खर्च मालकाने दिला पाहिजे, असे तो कायदा सांगतो; आणि सांभाळावयास दिलेली गाय व्याली तर वासरूही मालकाचेच, असे उदाहरण देतो. वासराचा विचार करणाऱ्या त्या कायदेपंडितांनी न फुलणाऱ्या झाडाचा विचार केलेला नाही.

मी त्या गृहस्थांना कळविले. त्यांचे उत्तर सौजन्याचे होते. ते झाड अजून आहे याचे त्यांना आश्चर्य वाटले. अम्मांना नमस्कार सांगून त्यांनी लिहिले होते की, आता ते टाकून द्यावयास हरकत नाही. मी निरोप पोहोचविला. अम्मांचे चिरंजीव म्हणाले, “चलो, छुट्टी हुई।” अम्मांनी “ऐसा कहा?” असे विचारले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे पाणी घातले.

आमच्या मंडळात यावर पुष्कळ वाद झाला. एका स्नेह्यांचे म्हणणे असे की, मालकाने ठेवीवरचा हक्क सोडला तेथे राखणदाराचे कर्तव्य संपले. अम्मांचे पुढचे पाणी घालणे म्हणजे केवळ सवय. सोन्याच्या बाबतीत हे म्हणणे मला मान्य आहे. मालकाने ‘नको’ म्हटल्यावर सोने हे नुसते सोने राहते; त्याला तहान लागत नाही. पण जी वस्तू रोज आपल्या हाताकडे पाहून जगते तिच्याविषयीचे कर्तव्य मालकाच्या शब्दाने सुरू होत असले तरी मालकाच्या शब्दाने संपत नाही. चार वर्षांत त्या कुंडीचा आणि अम्मांचा जो संबंध जडला त्यात ते गृहस्थ आता पक्षकारच उरलेले नाहीत. सोडण्याजोगा हक्क त्यांच्यापाशी शिल्लक असता तरच त्यांच्या सोडण्याला अर्थ होता. जून महिन्यात पाठ फिरविली तेव्हाच तो गेला, असे मी समजतो.

दुसऱ्या एका स्नेह्यांनी गृहस्थांचा बचाव मोठ्या तात्त्विक भूमिकेवरून केला. फळाची आशा न धरता लावणे आणि आसक्ती न ठेवता सोडून जाणे हाच निष्काम कर्मयोग, असे ते म्हणाले. बदलीच्या नोकरीत गीतेचा हा उपयोग मी अनेकदा ऐकला आहे, आणि दर वेळी मला थोडा राग येतो. आंबा लावून जाणारा निष्काम असतो; त्याने फळ सोडले आणि दुसऱ्याला दिले. येथे तर फळ नव्हतेच, केवळ कष्ट होते, आणि तेच काय ते मागे ठेवलेले. स्वतःच्या फळाचा त्याग आणि दुसऱ्याच्या श्रमांची उधळण या दोन गोष्टींत सराफ्यातला कोणताही मुलगा दगडावर घासून फरक सांगेल.

मात्र त्या गृहस्थांना सिमल्याच्या त्या झुडपाचे प्रेम नव्हते असे मी म्हणणार नाही. बर्फ विकत आणणारा माणूस प्रेमशून्य नसतो. त्यांना प्रेम होते ते ज्या दिवसांत ते झुडूप खिडकीबाहेर फुलत होते त्या दिवसांचे, आणि दिवस कुंडीत लावता येत नाहीत म्हणून त्यांनी झुडूप लावले. आपल्यापैकी पुष्कळांच्या गच्चीवर अशी एखादी कुंडी असते. तीत नेहमी झाडच असते असे नाही. कधी मुलांवर लादलेली एखादी रीत असते, कधी एखाद्या उत्सवाचा हट्ट असतो, आणि पाणी घालणारे हात बहुधा घरातल्या स्त्रीचे किंवा नोकराचे असतात.

प्रश्न उरला त्या कुंडीचा. उपटून टाकणे अम्मांना पटत नाही, आणि ठेवून झाड फुलणार नाही. मी त्यांना सुचविले की, झाडाची बदली परत सिमल्याकडे करावी. आमच्यातल्या एकांचे चिरंजीव येत्या डिसेंबरात तिकडे रुजू होणार आहेत. झाड तेव्हा झोपेत असेल, प्रवास सोसेल, आणि एखाद्या भिंतीच्या आडोशाला उघड्या जमिनीत लावले तर दोन-तीन हिवाळ्यांनी फुलावयास हरकत नाही. अम्मांनी दोन दिवस विचार करून संमती दिली. त्यांच्या अटी मात्र आहेत. कुंडी नेणाऱ्याने स्वतः येऊन ताब्यात घ्यावी, झाड लावल्यावर कळवावे, आणि ठेव पोहोचल्याची पावती लिहून द्यावी. पावतीचा मसुदा पेढीवरच्या मुनिमांनी आताच करून ठेवला आहे. तीत तारखेची जागा मोकळी आहे, नेणाऱ्याच्या नावाची जागा मोकळी आहे. वस्तूच्या वर्णनापुढे ‘बिही, नग एक’ असे लिहिले आहे.